कोठ्यामागचा लिंब

यशोदामावशी रस्त्यावर हात करून उभी दिसली की मी आधी डोक्याला हात लावतो आणि मग ब्रेक दाबतो. गोरेगाव ते सेनगाव माझी जीप चालते, कधी सवारी मिळाली तर पुढं हिंगोलीलाही जातो. बाकीच्या बाया बाजाराला पिशव्या घेऊन येतात, ही शेळी घेऊन येते. शेळी टपावर बांधू म्हटलं तर म्हणते, "काहून? तिला वारं लागतं." मग शेळी सीटवर मावशीला टेकून, आणि भाडं दिलेला माणूस दारात लोंबकळत. एकदा तिच्या बकरीनं एका गुरुजींच्या पिशवीतली मेथीची जुडी निम्मी फस्त केली. गुरुजी चिडले तर मावशीच त्यांच्यावर उलटली, की असली शिळी भाजी घेऊन फिरता, माझ्या बकरीचं पोट बिघडलं तर कोण जिम्मेदार. गुरुजी गोरेगावपर्यंत बाहेर बघत बसले. असल्या बाईशी कोण वाद घालणार?

ती राहते गोरेगावच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत असलेल्या वस्तीवर. मेंढरं-शेळ्या सांभाळणारी आठ-दहा घरं आहेत. तिचा नवरा मसाजी आणि मुलगा प्रभू उन्हाळा लागायच्या आधी मेंढरं घेऊन पुसदच्या बाजूला उतरतात, ते पाऊसकाळ तोंडावर आला की परततात. तोवर घरी मावशी, सून दिपाली, नात पियू आणि शेळ्या. पियूचं शाळेतलं नाव प्रियंका, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागं वळूनसुद्धा बघत नाही.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. माणूस उभा आहे एवढं तिला कळतं, कोण आहे ते आवाजावरून. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "मी दवाखान्यात पडल्यावर बकऱ्या काय तू चारणार हाईस का?" आणि खरं सांगायचं तर तिचं फार अडतही नव्हतं, कारण पाला ती जिभेनं ओळखायची. नव्या झाडाचं पान आधी स्वतः चावायची, थुंकायची, आणि मगच शेळ्यांपुढं टाकायची. मी एकदा मुद्दाम जीप थांबवून रस्त्याकडची पानं तोडून तिच्या हातावर ठेवली. हे हिवर, हे बोर, हे सुबाभूळ, आणि हे काय कागद देतोस का रे मेल्या, असं ती धडाधड सांगत गेली. शेवटचं पळसाचं होतं, ते तिनं तोंडातही घातलं नाही. वस्तीवर कोणालाही झाडपाल्याचं विचारायचं तर मावशीलाच विचारायचे, आणि ती सांगेल ते बराबर असायचं.

तिची आणखी एक रीत होती. मोठ्या झाडाचा डहाळा आकडीनं खुशाल ओढून मोडायचा, पण लहान झाडाची फांदी मोडायची नाही. त्याचा नुसता पाला ओरबाडायचा. मुठीत धरून एक ओढ मारली की पानं हातात येतात आणि काडी झाडावरच राहते. लेकरासारखं असतं ते, त्याचं हाड मोडू नये, असं ती म्हणायची. सुनेलाही तिनं तेच शिकवलं होतं. मला ही रीत फार आवडायची.

फाल्गुनातली गोष्ट. दुपारच्या खेपेला मी तिची सरकी पेंडीची गोणी टाकायला वस्तीवर वळलो. अंगणाच्या तोंडाशीच जीप थांबवली, कारण दाराच्या चौकटीला पाला बांधलेला दिसला. म्हणजे घरात माता आली होती. पियूला कांजण्या निघाल्या होत्या, हे मला आधीच्या खेपेला कळलं होतं. अशा घरात पायताण घालून जायचं नाही, फोडणी द्यायची नाही, आणि आजारी लेकराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. आमच्या घरी हे मानत नाहीत. माझ्या मुलीला, करुणाला, कांजण्या आल्या तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेऊन दाखवलं होतं. पण हे या अंगणात बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर मावशी म्हणाली असती, तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी.

मी गोणी उतरवत होतो तेवढ्यात दिपाली बाहेर आली. तिच्या तोंडाकडं बघून मी गोणी तशीच खाली सोडली.

"भाऊ, पियू उभी राहून न्हाई राहिली," ती हळूच म्हणाली. "ताप तर काल उतरला. फोड सुकून राहिले. पण सकाळपासून उलट्या, अन् उठवलं की पाय असे वाकडे पडतात. हाक मारली तर डोळे उघडते अन् परत मिटते."

"मग न्यायचं ना दवाखान्यात. गाडी उभीच हाय."

"आत्याबाई न्हाई म्हणतात."

आतून मावशीचा आवाज आला, "कोण, परमोद का? गोणी ठेव अन् जाय बाबा. माता-आई घरात हाय."

मी वहाणा काढून दारापाशी गेलो. आत अंधुक उजेडात गोधडीवर हिरवा पाला पसरलेला आणि त्यावर पियू. जीपमध्ये चढली की सगळ्यात आधी हॉर्नवर हात मारणारी पोरगी. मी तिच्या नावानं दोनदा हाक मारली. तिनं ओठ हलवले, डोळे काही नीट उघडले नाहीत. उशाशी वाटी होती, तिच्या तळाशी हिरवा रस वाळलेला.

"हे काय पाजलं?"

"कडू लिंबाच्या पाल्याचा रस. काय विचारतो असं?" मावशी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ वाटी वाटी. अंगातली उष्णता निघायला नको?"

"मावशी, पोरगी बेशुद्ध व्हायला लागली हाय. चल, नेऊ हिला."

"न्हाई," ती म्हणाली आणि उंबऱ्यात येऊन बसली, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. "एकदा नेलं म्या."

ही हकीकत वस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे. प्रभूच्या आधी तिला एक मुलगी होती. तिला गोवर निघाला, सासू नको म्हणत असताना मावशीनं तिला उचललं आणि मिळेल त्या ट्रकमध्ये बसून हिंगोलीची वाट धरली. नरसीच्या फाट्यावर पोर तिच्या मांडीवरच गेली. पोर कशानं गेली ते कोणी सांगू शकलं नसतं, पण सासूनं आयुष्यभर एकच सांगितलं, घरात आलेल्या आईला उंबऱ्याबाहेर काढलंस म्हणून. मावशीनं ते मनावर कोरून घेतलं होतं. आता या बाईच्या हट्टावर रागावायचं तरी कसं? मला राग आला होता, हे मात्र खरं. हात धरून बाजूला करावं असंही मनात आलं.

मी प्रभूला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मसाजींचा फोन तर बंदच.

दिपालीनं मला खुणेनं अंगणात बोलावलं. तिच्या पदरात मूठभर पाला होता, गोधडीवरून उचललेला. "भाऊ, तुमच्या फोनमध्ये ते झाडं ओळखायचं हाय ना, करुणानं टाकून दिलेलं? मला हा लिंब वाटून न्हाई राहिला."

"लिंब न्हाई तर काय हाय?"

"माहीत न्हाई. तुमी बघा तर."

मी पानं गोणीवर पसरली, फोटो काढला. रेंज एक कांडी दाखवत होती, ती जात होती, येत होती. चाक फिरत राहिलं. शेवटी नाव आलं, कडुनिंब. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मूर्खासारखा मोठ्यानं म्हणालो, "लिंबच हाय, वहिनी!"

"ऐकलं का?" उंबऱ्यातून मावशी. "मशीनबी सांगून राहिली. तुझ्या मनात संशेव काहून येतो गं? लिंबाच्या पाल्यानं कुणाचं वाईट झालं?"

दिपाली सरळ वळून शेळ्यांच्या कोठ्याच्या मागं गेली, आणि मी तिच्या मागं.

दारातला जुना लिंब त्या दिवसांत पार बोडका झाला होता, फाल्गुनात होतोच. नवी पालवी नुसती टोकांना लालसर फुटत होती. कोठ्यामागं मात्र एक झाड हिरवंगार होतं, घरातला पाला तिथलाच. शेळ्यांच्या हौदाचं पाणी तिकडं वाहून जायचं, त्या ओलीवर ते आपोआप उगवून दोन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. मावशीनं त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं आणि शेळ्यांना जवळ फिरकू दिलं नव्हतं. माझा लिंब, म्हणायची. पान चावून बघितलं होतं तिनं, कडूजहर लागलं, आणि विषय तिथंच संपला होता.

"मी रोज झाडते ना अंगण," दिपाली म्हणाली. "जुन्या लिंबाच्या काड्याच काड्या पडतात. पानं वेगळी गळतात, काड्या वेगळ्या. बघा." तिनं वाकून तिथल्या केराच्या ढिगातनं चार-पाच वाळक्या काड्या उचलल्या. वितीएवढ्या, सरळ, एकीलाही फाटा नाही. "अन् हे मला पियूच्या पाठीखाली सापडलं." तिनं कनवटीतून एक हिरवी काडी काढली. तिला बाजूनं दुसरी काडी फुटली होती आणि त्या दुसरीला अजून दोन पानं चिकटलेली होती.

"मोडलेली फांदी असंल."

"फांदी न्हाई. फांदीला साल असती."

मी काट्यांतून हात घालून झाडाचं एक अख्खं पान देठापासून खुडलं. ओरबाडलेला पाला नव्हे, पूर्ण पान. ते माझ्या कोपरापर्यंत आलं. मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी फाटे, आणि पानं त्या फाट्यांना. एकेक पान सुटं धरलं तर हुबेहूब लिंबाचं, तीच करवतीसारखी कड. फोनला तरी काय दोष देणार, मी त्याला सुटी पानंच दाखवली होती. बुडाजवळ मात्र दोन-तीन जुनी पानं होती ती सरळ एका काडीची, लिंबासारखी. ती बघून मी परत गडबडलो.

"वहिनी, हे बघा, खाली लिंब हाय अन् वर दुसरंच. लहानपणी झाडांची पानं वेगळी असतात. मोठा लिंबबी लहान असताना असाच असंल."

"असंल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला कुठं माहीत हाय? माझ्या माहेरी, डोंगरकड्याला, विहिरीवर असं एक होतं. बकाण म्हणायचे. त्याच्या फळांच्या गोळ्या खाऊन शेजाऱ्याचं डुक्कर पाय झाडून मेलं, एवढं मला आठवतं. पण ते झाड मोठं होतं. मी हे सांगू अन् ते खोटं निघालं तर? त्या मला जन्मभर म्हणतील."

घरातून पियूच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. पोटात काही उरलं नव्हतं, नुसताच कोरडा आवाज. दिपाली घराकडं धावली. जाता जाता म्हणाली, "मारुतीच्या वट्ट्यामागं बारका लिंब उगवला हाय. कंबरेएवढा. बघा तो. तो तर जुन्याच्याच निंबोळीचा हाय."

मी पळालो. वहाणा अंगणातच राहिल्या होत्या, तशाच अनवाणी पायांनी. देवळाच्या त्या ओट्यामागं ते रोप होतं, कोणीतरी विटांचं आळं केलेलं, हंड्यातलं उरलेलं पाणी रोज ओतलं जात असावं म्हणून हिरवं. मी गुडघ्यावर बसून त्याचं एकेक पान बघितलं. बुडातलं, मधलं, शेंड्यातलं. मनातून मला वाटत होतं की शेंड्याला फाटा सापडावा. सापडला असता तर दोन्ही झाडं एकच, पियूला नुसती अशक्तपणाची भोवळ, आणि मी सुटलो. पण एकाही पानाला फाटा नव्हता. सगळ्या काड्या सरळ. रोप असो की म्हातारं झाड, लिंब लिंबासारखाच होता.

मी दोन पानं हातात घेऊन परत आलो. पायात काटा गेला होता, तो काढायलाही थांबलो नाही.

मावशी उंबऱ्यातच होती. मला वाटत होतं की ओरडावं, की म्हातारे, तू विष पाजलंस. तसं बोललो असतो तर ती दगडासारखी बसून राहिली असती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"मावशी, मघाशी मी चुकलो. मी सुटा पाला दाखवला होता मशीनला. आता तूच बघ. हे मारुतीमागच्या लिंबाचं पान. देठापासून शेंड्यापर्यंत बोट फिरव."

"मला काय शिकवून राहिला?"

"शिकवत न्हाई. विचारतोय."

तिनं पान घेतलं. बोट बुडापासून टोकापर्यंत गेलं, दोन्ही बाजूंची पानं चाचपत. "लिंब," ती म्हणाली.

"अन् हे."

दुसऱ्या पानावर तिचं बोट सुरुवातीलाच अडलं. ते फाट्यावर गेलं, परत मधल्या काडीवर आलं, पुढच्या फाट्यावर गेलं. कपाळावर आठी पडली. "हे कशाचं?"

"कोठ्यामागचं."

"खोटं बोलू नको."

"त्याचंच हाय, आत्याबाई," आतून दिपाली म्हणाली. पियूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "पाहिजे तर तुमच्या हातानं तोडून बघा."

मावशीनं दोन्ही पानांचे तुकडे तोडून तोंडात घातले. आधी एक, मग दुसरा. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. दोन्ही कडू. ती थुंकली, परत चावून परत थुंकली. ज्या जिभेवर तिनं आयुष्य काढलं ती जीभ तिला काहीच सांगत नव्हती. मग तिनं तोंड पुसलं आणि ती फाट्याची काडी बोटांत धरून बसली.

"म्या कधी पुरं पान धरलंच न्हाई," ती म्हणाली. "लहान झाड म्हणून नुसता पाला ओढत राहिले."

ती चौकटीला धरून उठली आणि वर बांधलेला पाला चाचपडत तिनं ओढून काढला. तो तिनं अंगणात भिरकावला. "गाडी चालू कर," ती म्हणाली, आणि आत वळून पियूला स्वतःच उचलायला गेली. उंबऱ्याशी आली आणि थांबली. एक पाय उचललेला, तो काही खाली येईना. ओठ हलत होते. मला एवढंच ऐकू आलं, "आई, जे करायचं ते मला कर, माझं लेकरू सोड." मग तिनं पाय बाहेर टाकला.

हिंगोलीपर्यंत मी कसा गेलो ते मला विचारू नका. वाटेत हात करणाऱ्या माणसांना मी शिव्या देत होतो, त्यांचा काय दोष होता? मागच्या सीटवर दिपालीनं पियूला सासूच्या मांडीवरून ओढून स्वतःकडं घेतलं होतं. मावशी दाराला चिकटून बसली होती, एकटी. ज्या सीटवर शेळीला घेऊन राज्य करायची तिथं ती अंग चोरून बसलेली मी आरशात बघत होतो.

"परमोद, नरसी आलं का?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई."

थोड्या वेळानं परत. "आलं का?"

पियूचं डोकं एका बाजूला कललं होतं. दिपाली तिच्या गालावर थापट्या मारत होती, "पियू, माझ्याकडं बघ, बघ गं." फाटा समोर दिसत होता. मी गिअर टाकला. फाटा मागं पडल्यावर म्हणालो, "गेलं मावशी. नरसी मागं गेलं." तिनं तोंडात पदर कोंबला आणि तशीच हुंदके देत राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पियूला कांजण्या असल्यामुळं त्यांनी तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत घेतलं. काय खाल्लं, काय प्याली, विचारत होत्या. मी खिशातून ते पान काढलं, चुरगळलं होतं, पण फाटे दिसत होते. त्यांनी पान फोनवर कोणाला तरी दाखवलं, बराच वेळ बोलल्या, आणि म्हणाल्या की हे बकाण निंबाचंच आहे, पान आणलं ते फार बरं केलं. याच्यावर वेगळं असं औषध नसतं, सलाईन लावून लक्ष ठेवावं लागेल, रात्रीपर्यंत घरीच राहिली असती तर अवघड होतं.

"किती पाजलं? आणि कोणी?"

दिपालीनं खाली बघितलं. मी भिंतीकडं. सासूचं नाव सून कसं घेणार, आणि मी तरी का घेऊ?

"म्या पाजलं," मावशी म्हणाली. "वाटी वाटी पाजलं. ती नको म्हणत होती, कडू लागतं म्हणत होती. म्या नाक दाबून पाजलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, लिहून घेत राहिल्या. त्या आत गेल्यावर मात्र दिपालीचा बांध फुटला. एवढ्या वर्षांत मी तिला सासूपुढं मान वर करून बोलताना बघितलं नव्हतं. "आता माझ्या लेकराला हात लावू नका," ती म्हणाली. "मी सकाळपासून सांगून राहिले होते. सकाळपासून." मावशी व्हरांड्यात जाऊन भिंतीशी बसली, आणि मी चहा आणून दिला तर तो तिच्या हातातच गार झाला.

आम्ही बसून राहिलो. दारातून पियूचे पाय तेवढे दिसत होते. त्या पायांकडं बघत बसायचं, हलतात का. सिस्टर आत गेली की दिपाली उभी राहायची, आणि सिस्टर बाहेर आली की तिच्या तोंडाकडं बघायची. मावशीला तेही दिसत नव्हतं. ती नुसती पावलांचे आवाज ऐकायची आणि मला विचारायची, "कोण गेलं? काय म्हणाली?" मी सांगायचो, काही नाही म्हणाली. तिच्याबद्दल माझ्या मनात राग होता तो कुठं गेला मला कळलं नाही. मला नुसती तिची दया येत होती, आणि भीती वाटत होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पाय हलले. सिस्टरनं हाक मारली. पियूनं डोळे उघडले होते, इकडंतिकडं बघत होती, आणि पहिली तक्रार केली ती सुईबद्दल. दिपाली रडत होती आणि हसतही होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता घोट घोट साखर-मिठाचं पाणी द्या, पोटात राहिलं तर धोका टळला समजा.

दिपालीनं पेला तिच्या ओठांशी नेला. पियूनं तोंड फिरवलं. "आजी पाजंल," ती म्हणाली.

"माझ्या हातानं पी, राणी."

"न्हाई. आजी कुठं हाय? आजी!"

मावशी हाक ऐकून दारापर्यंत आली होती. तिथंच थांबली आणि दोन्ही हात तिनं पदराखाली लपवले. "आईच्या हातानं पी, माय," ती म्हणाली. "माझ्या हातानं नको पिऊ आता."

पियूला काही कळलं नाही. ती रडायला लागली, पाणी नको म्हणायला लागली. मी दिपालीकडं बघितलं. तिचा चेहरा अजून कठीण होता. पेला घेऊन ती दाराशी गेली, सासूचा हात पदराखालून ओढून काढला, तिला खाटेपाशी आणून बसवलं आणि पेला तिच्या मुठीत दिला.

"पाजा, आत्याबाई," ती म्हणाली. "मी बघून राहिले."

मावशीनं चाचपडत पियूचं तोंड शोधलं. पियू एक घोट प्याली, थांबली, आणखी एक प्याली.

"आजी, हे कडू न्हाई," ती म्हणाली.

मावशीच्या हातातलं पाणी सांडायला लागलं, तेव्हा दिपालीनं तिचं मनगट धरलं आणि पेला रिकामा होईपर्यंत धरून ठेवलं.